वाचक विचारतात: रक्तातलं लोह गंजत का नाही?

या वेळी ऑक्सिजनवरच इतके प्रश्न आलेत की अख्खं सदर त्यालाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालच्या बहुतेक उत्तरांत ती येणारच आहे. हवेत जवळपास 21 टक्के ऑक्सिजन आहे, तरी घरातले कपडे, कागद, लाकूड आपोआप पेट घेत नाहीत, कारण नेहमीच्या तापमानाला ऑक्सिजनचा रेणू एकटा फारसं काही करत नाही, त्याला कुणीतरी जोडीदार लागतो, मग ते पाणी असेल, मीठ असेल, उजेड, उष्णता नाहीतर एखादं एन्झाइम (सजीवांमधल्या क्रियांना वेग देणारं प्रोटीन). हवा काय अडवता येत नाही, जोडीदार मात्र बऱ्याचदा अडवता येतो.

आमचं घर समुद्रापासून जवळ आहे. ग्रिल रंगवलं तरी दोन पावसाळ्यांत गंजतं, आता तर स्लॅबखालून पोपडे पडायला लागलेत. ॲल्युमिनियमच्या खिडक्या मात्र ठणठणीत. असं का? (देवगड)

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, अगदी कोरड्या हवेत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. तुमच्याकडे खारा वारा आहे, म्हणजे लोखंडावर जो ओलावा बसतो त्यात मीठ असतं आणि मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते, गंजण्याची क्रिया मुळात विजेचीच असल्यामुळे ती तुमच्याकडे जोरात चालते. त्यात गंज सच्छिद्र असतो, तो धरून बसत नाही, पोपडा सुटतो की खालचं ताजं लोखंड उघडं. ॲल्युमिनियमचं उलट आहे, त्याचाही ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तोही लगेच, पण वर जो थर तयार होतो तो अतिशय पातळ आणि घट्ट चिकटलेला असतो, त्याच्या खाली हवा पोचतच नाही. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम हेच काम करतं.

ग्रिलचा रंग टिकत नाही याचं कारण बऱ्याचदा रंग नसतोच, आधीचा गंज पूर्ण खरवडलेला नसतो आणि गंजात ओल आणि मीठ दोन्ही अडकून राहतात, वरून कितीही महाग रंग मारा. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा. रेड ऑक्साइड प्रायमरमधला लाल रंग म्हणजे आयर्न ऑक्साइडच, ऑक्सिजनशी जे व्हायचं ते त्याचं आधीच होऊन गेलंय म्हणून तो आणखी बदलत नाही!

स्लॅबचं मात्र मनावर घ्या. काँक्रीट ताजं असताना खूप अल्कलीयुक्त असतं आणि त्यामुळे आतल्या सळयांवर संरक्षक थर राहतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून ती अल्कली कमी करत जातो, शिवाय समुद्राकडचं मीठ आत गेलं की तो थर फुटतो आणि सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीट फुटतं. म्हणजे पोपडा दिसतो तेव्हा सळई बऱ्याच आधीपासून गंजलेली असते. वरून नुसता गिलावा करून घेऊ नका, तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पडणार. सैल काँक्रीट पूर्ण काढून, सळई चकचकीत होईपर्यंत साफ करून, गंजरोधक कोट देऊनच भरायचं, आणि सळई बारीक झाली असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातच लावू नका.

केळफूल चिरलं की काळं पडतं, वांग्याचंही तेच. ताकात घातलं की थांबतं, ते कसं? (पेण)

केळफुलात, वांग्यात, सफरचंदात पॉलिफिनॉल नावाची द्रव्यं असतात आणि त्यांचा ऑक्सिजनशी संयोग घडवणारं एक एन्झाइमही असतं, पण पेशीत ही दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. विळीने पेशी फाटल्या की ती एकत्र येतात, वरून हवा मिळते आणि तपकिरी रंग तयार होतो. विळीचं पातं साध्या लोखंडाचं असेल तर लोह आणि पॉलिफिनॉल मिळून आणखी काळा रंग येतो, म्हणून स्टीलच्या सुरीने तेवढं काळं पडत नाही. ताकाच्या आंबटपणाने एन्झाइम मंद होतं, पाण्यात बुडवल्याने हवा कमी मिळते, आणि शिजवलं की एन्झाइम कायमचं बंद.

चहाच्या कारखान्यात मात्र हेच मुद्दाम घडवून आणतात. हिरवी पानं चुरडून हवेत पसरतात, ती तांबूस होत जातात, पाहिजे तसा रंग आला की गरम हवेने सुकवून थांबवतात, तो आपला रोजचा चहा. ग्रीन टीमध्ये पानं सुरुवातीलाच वाफवतात किंवा भाजतात, म्हणून ती हिरवी राहतात.

जवसाची चटणी महिन्याभरात खवट होते, तिळाची टिकते. डबा तर घट्ट बंद असतो. (लातूर)

डबा घट्ट असला तरी आत हवा असतेच ना, आणि तेवढी पुरते. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-3 प्रकारच्या फॅटी ॲसिडचा असतो, त्यात ऑक्सिजनला शिरायला तिळापेक्षा कितीतरी जास्त जागा आहेत. एकदा एका रेणूवर सुरुवात झाली की तो शेजारच्याला ओढतो, तो त्याच्या शेजारच्याला, अशी साखळीच चालते, आणि उजेड, उष्णता, तांब्या-लोखंडाचा अंश यांनी तिला वेग येतो. तिळात याला अडवणारी द्रव्यंही असतात. दळलं की पृष्ठभाग वाढतो म्हणून अख्खे जवस महिनोन्‌महिने टिकतात आणि चटणी नाही. थोडी थोडी कुटा, डबा काठोकाठ भरा, फ्रिजमध्ये ठेवा. खवट झाली तर टाकून द्या, परत भाजून वास गेला तरी तेल सुधारत नाही.

यातच एक महत्त्वाचं. क्रिकेटच्या बॅटला अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल लावतात ते याच गुणामुळे, ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. या क्रियेत उष्णता निघते. बॅट पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, साठत जाते आणि असे बोळे कुणी काडी न लावता पेटलेले आहेत. फडकं उघडं पसरून दोरीवर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मुलांना हे नक्की सांगा.

शाळेत शिकलो की रक्तात लोह असतं, ऑक्सिजन असतो आणि पाणी तर भरपूर. मग रक्त गंजत का नाही? (इयत्ता नववी, सातारा)

तू ज्या तीन गोष्टी मोजल्यास त्या गंजायला खरंच पुरेशा आहेत! हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, त्याला हीम म्हणतात, तो बाहेर काढून पाण्यात टाकला तर ऑक्सिजन त्याला लगेच बिघडवतो. हिमोग्लोबिनमध्ये तो प्रोटीनच्या एका खोबणीत बसवलेला असतो. त्या खोबणीत ऑक्सिजनला शिरता येतं, पाण्याला जवळजवळ नाही, आणि दुसरं हीमही जवळ येऊ शकत नाही. त्यामुळे ऑक्सिजन लोहावर नुसता येऊन बसतो, आणि जिथे ऑक्सिजन कमी आहे अशा स्नायूत, मेंदूत पोचला की सुटतो. गंजात लोह आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला कायमचे देऊन टाकतं, इथे देवाणघेवाण होते पण परत मिळतात.

तरी रोज थोडं हिमोग्लोबिन बिघडतंच, त्याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात, ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. लाल पेशीत एक एन्झाइम ते सतत दुरुस्त करत असतं, म्हणून निरोगी माणसात त्याचं प्रमाण साधारण 1 टक्क्याच्या आसपासच राहतं. मटण कापल्यावर आधी लालभडक दिसतं आणि ठेवून दिलं की तपकिरी होतं ना, तिथे मायोग्लोबिनचं, म्हणजे स्नायूतल्या हिमोग्लोबिनसारख्या प्रोटीनचं, हेच होतं, फक्त दुरुस्त करणारं आता कुणी उरलेलं नसतं.

हे घरी आईबाबांनाही वाचायला दे. काही महिन्यांच्या बाळात हे एन्झाइम पुरेसं तयार झालेलं नसतं. खतांमुळे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढलेलं असेल आणि त्या पाण्यात बाळाची दुधाची पावडर कालवली तर त्या नायट्रेटमुळे हिमोग्लोबिन बिघडून मेथहिमोग्लोबिन वाढतं आणि बाळ निळसर पडू शकतं, आणि तसं दिसलं तर लगेच दवाखाना. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते जास्त दाट होतं. शेतालगतच्या विहिरीचं पाणी बाळासाठी वापरणार असाल तर आधी तपासून घ्या.

ऑक्सिजनमुळे पेशी म्हाताऱ्या होतात म्हणे, मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का? (नाशिक)

स्वतःच्या मनाने नकोच. फिनलंडमध्ये 29 हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली, 1994 मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी वाढलेला निघाला. पेशींना इजा करतात ते ऑक्सिजनपासून बनणारे आक्रमक रेणू, आणि अँटिऑक्सिडंट त्यांनाच अडवतात, पण हेच रेणू पांढऱ्या पेशी जंतू मारायलाही वापरतात, म्हणजे ते सरसकट शत्रू नाहीत. गाजर, आवळा, पालेभाज्या जरूर खा, आणि तंबाखू असेल तर ती आधी सोडा.

चांदीचं निरांजन कपाटात असून काळं पडतं. (इंदूर)

चांदीच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार गंधक आहे, हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो, ऑक्सिजन आणि ओल फक्त मदत करतात. रबरबँडमध्ये आणि लोकरीत गंधक असतं, त्यामुळे निरांजनाच्या पिशवीला रबरबँड लावला असेल तर आजच काढा, कोरड्या सुती कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत ठेवा आणि सोबत खडूचा एक तुकडा टाका, तो ओल शोषतो.