स्वालबार्डचे जलरंग आणि प्रिंटमधून गायब झालेल्या सावल्या

तुमची पोस्ट वाचली. स्वालबार्डला (आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं) बोटीवर केलेली स्केचेस, घरी येऊन त्यांवरून रंगवलेले जलरंग, आणि प्रिंट हातात आल्यावर बर्फावरच्या सावल्या गायब, त्या जागी कोरा कागद! तुमचं दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे. तुम्ही मूळ चित्राचा फोटो टाकलाय, त्यात सावल्या शाबूत दिसतात. म्हणजे पुन्हा रंगवायच्या भानगडीत पडू नका.

कागद, ब्रश तुम्हाला काय सांगायचे. घोळ स्कॅनिंगमध्ये होतो. स्कॅनर 'ऑटो'वर असला की कागदाचा उजळ भाग पांढराफेक करतो आणि त्यापायी कोबाल्ट निळ्याचा पातळ वॉश (पाणीदार थर) पार धुऊन टाकतो. मी एका नावाजलेल्या स्टुडिओत चित्रं दिली होती. एकात हिमनदीच्या कड्याखाली जांभळट पट्टा होता, मध्यरात्रीच्या तिरप्या उन्हातला. चित्राचा जीव तेवढाच. प्रिंटमध्ये पट्टाच नाही! विचारलं तर काउंटरवरचा म्हणतो, "सर, डाग होता, साफ करून दिला. बर्फ पांढराच असतो ना?" वर पुन्हा काढायचे पैसे वेगळे. प्रदर्शनात ती भिंत रिकामी राहिली. असो.

माझ्या मते सगळे 'ऑटो' बंद करायला लावा, १६ बिटची टिफ फाइल (रंगांच्या बारीक छटा जपणारी) मागा, स्कॅन करताना चित्राशेजारी कलर कार्ड (रंग ताडून बघायचं ठरावीक रंगांचं कार्ड) ठेवायला सांगा. आधी एकाच चित्राचं प्रूफ (नमुना प्रिंट) काढून घ्या आणि ते मूळ चित्राशेजारी धरून दिवसाच्या उजेडात बघा. "होऊन जाईल सर" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. (मी छपाईतला माणूस नाही, जाणकारांनी दुरुस्त करावं.)

सफरीत काढलेले फोटो बघून रंग सुधारायचं मात्र डोक्यातून काढा. मोबाइलही व्हाइट बॅलन्सच्या (उजेडाची रंगछटा काढून पांढरं पांढरं दाखवण्याच्या) नावाखाली हाच उद्योग करतो. स्केचच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या रंगांच्या नोंदींवर भरवसा ठेवा. जुन्या लोकांनाही हा ताप होताच. आर्क्टिकला गेलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या ब्रिटिश जहाजावरच्या लेफ्टनंट क्रेसवेलच्या स्केचेसवरून १८५४ मध्ये लंडनला आठ रंगीत शिळाछाप (दगडावर चित्र उतरवून छापलेली) चित्रं निघाली. आर्क्टिकचा बर्फ पाहिला क्रेसवेलने, तो दगडावर उतरवला लंडनमधल्या कारागिरांनी. तरी ती चित्रं मला आवडतात. निदान बर्फ "साफ" करायचं त्यांना सुचलं नाही.

जाता जाता, सावलीतला गुलाबी खरा रोझ मॅडर (झाडाच्या मुळापासून काढलेला रंग) असेल तर मूळ चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नका, तो उडतो. पुढच्या वेळी क्विनाक्रिडोन (कृत्रिम रंगद्रव्य) गुलाबी वापरा, बराच टिकतो.