मस्टँग दोन बोटं खाली आणायची आहे

प्रश्न : मी पुण्यात राहतो. दीड वर्षापूर्वी २०१८ची फोर्ड मस्टँग जीटी सेकंडहँड घेतली. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट डोळ्यांना खुपते, म्हणून गाडी साधारण २५-३० मिलिमीटर खाली आणायची आहे. गॅरेजवाल्याने तीन पर्याय दिले : नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा, उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर, किंवा एअर सस्पेन्शन. कॉइलओव्हरसाठी मी ८० हजार अ‍ॅडव्हान्स दिला आहे, काम अजून सुरू झालेलं नाही. तेवढ्यात एका मित्राला लोणावळ्याजवळ अडवून ‘मॉडिफाइड गाडी’ म्हणून चलान केलं. गॅरेजवाला म्हणतो, मालाला जर्मन सर्टिफिकेट आहे, शिवाय काही झालं तर आमची जबाबदारी असं स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. पुढच्या महिन्यात इन्शुरन्सचं नूतनीकरण आहे. यातलं कायद्यात काय बसतं? विमा कंपनीला कळवू का? आणि नको वाटलं तर अ‍ॅडव्हान्स परत मिळेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : गाडीला पाना लागायच्या आधी विचारलंत हे बरं झालं. या विषयावर माझ्याकडे येणारे बहुतेक जण स्पीडब्रेकरला ऑइल चेंबर फोडून आणि क्लेम नाकारल्याचं पत्र हातात घेऊनच येतात.

आधी कलम ५२ बघू, कारण सगळे त्याचंच नाव घेतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधलं हे कलम सांगतं की आरसीवरचे तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने गाडीत करू नये. त्याच कलमाच्या शेवटी एक स्पष्टीकरण आहे, ते फारसं कोणी वाचत नाही. ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. आता तुमची आरसी कपाटातून काढून बघा. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, बॉडीचा प्रकार, रंग, इंधन, सिलिंडर, आसनं, वजन, व्हीलबेस एवढं सापडेल. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाच्या उंचीचा, रकाना नाही. स्प्रिंगचा तर नाहीच. बोल्ट काढून मूळ जागी दुसरी स्प्रिंग बसवली, चॅसिसला वेल्डिंग नाही, कापाकापी नाही, तर रचना कुठे बदलली, असा युक्तिवाद करता येतो. मी तो न्यायालयात करायला कचरणार नाही.

पण दुसऱ्या बाजूच्या हातातही पत्ते आहेत. केरळमधून आलेल्या ‘आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला, आणि त्यातली भाषा बरीच व्यापक आहे : निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फरक पडेल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्याचं चौथं पोटकलम मालकाला उद्देशून आहे. कायद्याने परवानगी नसलेला बदल केला, आणि त्यात सुटे भाग बसवून केलेला बदलही आला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. (चार स्प्रिंगा म्हणजे एक बदल की चार, हा प्रश्न अजून कोणी मला न्यायालयात विचारलेला नाही. विचारला तर मी ‘एक’ म्हणेन.) सांगायचं एवढंच की स्पष्टीकरणाच्या आधारे तुमच्याकडे बचाव आहे, परवाना नाही. बचाव मॅजिस्ट्रेटसमोर कामाला येतो, लोणावळ्याच्या नाक्यावर नाही.

आता तुमचे तीन पर्याय. एअर सस्पेन्शन माझ्या लेखी बाद. कॉम्प्रेसर, हवेची टाकी, पाइप आणि त्यांच्यासाठी गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये मारलेले टॅप, एवढं सगळं बसवल्यावर ‘रचना तीच आहे’ म्हणायला तोंड राहत नाही. उद्या गाडीला शॉर्टसर्किटने आग लागली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, सर्वांत आधी तीच वायर धरून मागे जाईल.

कॉइलओव्हर तांत्रिकदृष्ट्या चांगली वस्तू आहे हे मान्य. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनलेले असतात, उंची रिंग फिरवून ठरते. वकिलाला खटकते ती हीच रिंग. तुम्ही २५ मिलिमीटरवर थांबलात हे कोण सांगणार? अपघातानंतर गाडी मोटार वाहन निरीक्षकापुढे जाते तेव्हा त्याला दिसतं ते आणखी खाली जाऊ शकणारं सस्पेन्शन. त्यामुळे ‘माफक बदल’ हा तुमचा मुख्य मुद्दा पातळ होतो.

उरल्या लोअरिंग स्प्रिंगा. उंची कारखान्यात ठरलेली, पार्ट नंबर स्प्रिंगवर छापलेला, बिलावर तोच नंबर, आणि काढल्या तर अर्ध्या दिवसात गाडी मूळ रूपात. तिन्हींत कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कमी त्रासाचा पर्याय हाच, पण दोन अटींवर. एक, मूळ स्प्रिंगा कापून गाडी खाली आणण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या गॅरेजमधून उठून या. कापलेल्या स्प्रिंगचा बचाव मी करणार नाही आणि दुसऱ्या वकिलालाही तो जड जाईल. दोन, जुन्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग बसवली की त्याला वर-खाली सरकायला जागा कमी उरते आणि तो बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी टेकूवर, आदळू लागतो. म्हणून त्या उंचीला चालणारे शॉकअप सोबत घ्या. गाडी खाली आली की पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनमध्ये (मॅकफर्सन स्ट्रट) कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आणि टो, म्हणजे चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा, दोन्ही सरकतात, हेडलाइटचा झोतही हलू शकतो. काम झाल्यावर अलाइनमेंटचा छापील कागद घ्या, हेडलाइटची पातळी करून घ्या आणि दोन्ही बिलावर लिहून घ्या. मेकॅनिकला हा फालतूपणा वाटेल. मला तो पुरावा वाटतो. सोबत रुंद टायर आणि मोठे रिम घालायचा मोह मात्र टाळा. ते घासायला लागले की प्रकरण स्प्रिंगपुरतं राहत नाही.

टेप घेऊन गाडीखाली किती जागा उरेल ते बघा, हेही सुचवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. तुमच्या सोसायटीच्या दारातला तसा आहे का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

जर्मन सर्टिफिकेटचा उलगडा असा. तिकडे अशा भागासोबत तपासणी संस्थेचा अहवाल येतो, मग निरीक्षक बसवलेली गाडी स्वतः मोजतो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदांत होते. मालकाचं संरक्षण त्या शेवटच्या नोंदीत असतं. आपल्याकडे तो अहवाल दाखवून आरटीओ आरसीवर काही लिहून देत नाही. भाग दर्जेदार आहे एवढं त्यावरून सिद्ध होईल आणि तेही उपयोगाचं आहे, म्हणून प्रत ठेवा. परवानगी म्हणून मात्र तो कागद नाक्यावर पुढे करू नका.

गॅरेजच्या स्टॅम्पपेपरला अर्थ नाही. कलम १८२-अ (४) मधला गुन्हा मालकाचा आहे, तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दंडाचे पाच हजार ते कदाचित भरून देतील. नाकारलेला क्लेम किंवा अपघातात जखमी झालेला माणूस ते भरून देणार नाहीत.

खरा धोका चलानाचा नाहीच, तो विम्याचा आहे. काही वर्षांपूर्वीचं माझ्याच पक्षकाराचं उदाहरण सांगतो. सेडान, स्प्रिंगा बदललेल्या, कंपनीला कळवलेलं नाही. पावसात खड्ड्यात चेंबर फुटलं आणि तो तेलाचा दिवा दुर्लक्षून आणखी थोडं अंतर चालवत गेला. सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, मग खिशातून टेप काढून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजलं आणि वहीत लिहिलं. एक शब्द बोलला नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं : अघोषित बदल. शिवाय इंजिन जाम झालं ते चेंबर फुटल्यावरही गाडी चालवल्यामुळे, म्हणजे परिणामी नुकसान, जे पॉलिसी भरून देत नाही, त्यामुळे तेही नाही. दुसऱ्या मुद्द्यावर कंपनीचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

म्हणून कंपनीला कळवायचं की नाही याचं उत्तर एका शब्दात ‘हो’, आणि काम करण्याआधी. विम्याचा करार परम विश्वासाचा मानतात; जोखीम बदलणारी गोष्ट लपवली तर कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. कंपनी जादा प्रीमियम मागेल, पॉलिसीवर एंडॉर्समेंट (बदलाची लेखी नोंद) देईल किंवा नकार देईल. नकार आला तर निदान नूतनीकरणाच्या आधी कळलं, आणि दुसरी कंपनी बघता येईल. एजंटचं तोंडी ‘काही होत नाही साहेब’ हे उत्तर धरू नका.

सगळं सांगूनही उद्या क्लेम अडला तर तुम्ही निराधार नाही. पॉलिसीतला अपवाद लागू होतो हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते. नकाराच्या पत्रात जे कारण नाही ते कंपनीने नंतर न्यायालयात काढायचं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर प्रकरणात २०१६ मध्ये सांगितलं आहे. बदलाचा नुकसानीशी संबंध नसेल (गाडी चोरीला गेली, स्प्रिंगचा त्यात काय हात?) तर सरसकट नकार टिकणं अवघड, सर्वोच्च न्यायालयाच्या नितीन खंडेलवाल आणि अमलेंदू साहू या निकालांत अटभंग असूनही ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे काही रक्कम कापून, क्लेम द्यायला लावले आहेत. मात्र हे निकाल स्प्रिंगांबद्दलचे नाहीत, हेही सांगून ठेवतो. विमा लोकपालाकडे नकारानंतर एका वर्षाच्या आत फुकट तक्रार करता येते आणि पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. जिल्हा ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं.

एक आनुषंगिक प्रश्न. गाडी दीड वर्षापूर्वी घेतलीत, पण पॉलिसी तुमच्या नावावर झाली आहे ना? कलम १५७ प्रमाणे हस्तांतरानंतर १४ दिवसांत कंपनीला अर्ज करायचा असतो. तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर येतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. नाव जुन्याच मालकाचं असेल तर आधी ते करा, स्प्रिंगांचं नंतर बघू.

आरटीओबद्दल. एक साधा अर्ज करा : अमुक नंबरची गाडी, मूळ जागी अमुक पार्ट नंबरच्या स्प्रिंगा, उंचीत इतका फरक, यासाठी परवानगी लागत असल्यास द्यावी. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. उत्तर कदाचित येणार नाही, आणि उत्तर न येणं म्हणजे परवानगी नाही. पण तुम्ही काही लपवलं नाही हे त्या शिक्क्यावरून दिसतं. रस्त्यात अडवलं तर हुज्जत घालू नका. गाडी जमा करायचा कलम २०७ चा अधिकार परवाना, नोंदणी, परमिट अशा ठरावीक उल्लंघनांपुरता आहे, निव्वळ स्प्रिंगांसाठी नाही. हे नम्रपणे सांगता येतं. ई-चलान आलं आणि लढायचं असेल तर लगेच ऑनलाइन भरून टाकू नका. भरलं की तडजोड झाली, आणि पुढच्या वेळी ती तुमच्याच विरुद्ध दाखवतील.

अ‍ॅडव्हान्सचं. काम सुरू नाही, माल बसवलेला नाही, म्हणजे तुमची बाजू बरी आहे. गॅरेजने ‘आरटीओचं टेन्शन नाही’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल तर तो मेसेज जपा. खोटी खात्री देऊन सेवा विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. मात्र त्यांनी खास तुमच्यासाठी कॉइलओव्हर बाहेरून मागवले असतील तर ते खर्च कापायला बघतील आणि थोडी कपात आयोगही मान्य करेल. आधी भांडू नका. ऑर्डर बदलून स्प्रिंगा आणि शॉकअप द्या, उरलेले पैसे परत करा, असा लेखी प्रस्ताव द्या. दुकानदाराला पैसे परत करण्यापेक्षा दुसरा माल देणं सोपं जातं. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर नोटीस.

कंपनीला ईमेल आजच करा, लांबण नको. ‘माझ्या पॉलिसीखालील गाडीला अमुक कंपनीच्या, अमुक पार्ट नंबरच्या लोअरिंग स्प्रिंगा आणि शॉकअप बसवण्याचा विचार आहे. उंचीत सुमारे २५ मिलिमीटर फरक पडेल, वेल्डिंग वा कापणी नाही. स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण यानंतरही कायम राहील का, आणि कोणत्या अटीवर, हे लेखी कळवावे.’ सोबत आरसीची आणि कोटेशनची प्रत जोडा. उत्तर येईपर्यंत गाडी गॅरेजला नेऊ नका, आणि नेलीत तर निघालेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात न देता घरी आणून ठेवा.