'शाया' लिहिलं म्हणून खोडू नका

भाऊ, तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली. पोरगा दुसरीत, बाराखडी तोंडपाठ, वहीतलं अक्षर सुरेख, पण समोर साधं 'बस' लिहून ठेवलं की गप्प. आणि शाळा, डोळा, पाणी याऐवजी 'शाया', 'डोया', 'पानी' असं लिहितो म्हणून तुम्ही रोज पन्नास वेळा शुद्ध लिहून घेता. ही शेवटची ओळ वाचली आणि झोप उडाली. ते पन्नास वेळा लिहून घेणं आजच बंद करा. बाकीचं पटलं नाही तरी चालेल.

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचे, खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यातले. माझा मोठा आता सातवीत आहे. दुसरीत असताना त्याचं अगदी हेच होतं. पाटी, तक्ता, गिरवणं यात मी जात नाही, ते तुमचं झालेलंच आहे.

एकदा स्टँडवर एसटीची वाट पाहत होतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'बस' लिहिलेलं. मी म्हटलं, वाच. त्यानं बोट हवेत धरलं, "ब बदकाचा, स सशाचा." मी म्हटलं, आता दोन्ही मिळून? बराच वेळ विचार करून म्हणाला, "बदक ससा." तेव्हा उमजलं, याला अक्षरं येत नाहीत, तक्त्यावरची चित्रं येतात. ब म्हणजे ओठ मिटून निघणारा आवाज, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

म्हणून आधी ते 'बदकाचा' सोडा. नुसता ब, नुसता स, आणि दोन्ही एका दमात. वर्णमालेचा क्रमही काही दिवस बाजूला ठेवा. तो क्रम तोंडातल्या जागेवरून लावलेला आहे: क कंठातून, च टाळूला, ट मूर्धेला म्हणजे टाळूच्या वरच्या भागाला, त दातांना, प ओठांनी. रचना फार सुंदर आहे, पण पहिलं वाचन त्या क्रमानं होत नाही. घ, र, ब, स, ग, व, त, म एवढ्या आठ अक्षरांत घर, बस, गवत, मगर, सरबत निघतात. आठवडाभर तेवढंच. क ते ज्ञ पुरं झाल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, हा हट्ट मला चुकीचा वाटतो. कुणाला राग आला तरी चालेल.

आता माझी चूक सांगते, तीच सगळ्यात महागात पडली.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आपणहून एक ओळ लिहिली, कुणी न सांगता. 'मी शायेत जातो.' आयुष्यातलं त्याचं पहिलं वाक्य. आणि मी काय केलं? खोडरबर घेतलं, 'शायेत' पुसलं, वर 'शाळेत' लिहिलं आणि पान भरून लिहायला लावलं. तो म्हणाला, "माय, मी तं बराबर लिवलं वं. आपन शायाच म्हंतो ना." मी त्याला गप्प केलं.

बरोबर तोच होता. आपल्या वऱ्हाडी घरात डोळा नाही, डोया असतो. काळा नाही, काया. फळ नाही, फय. पाणी नाही, पानी. लेकरानं कानावर पडलेला शब्द आवाजात मोडला आणि प्रत्येक आवाजाला नेमकं अक्षर लावलं. वाचन-लेखनाची खरी किल्ली हीच, आणि ती त्याच्या हाती आली त्याच दिवशी मी काढून घेतली.

पुढे काय झालं बघा. आठ दिवसांनी तो 'गाय' ला 'गाळ' लिहायला लागला. 'माय' ला 'माळ'. त्यानं धडा घेतला की य दिसला की मार मिळतो, ळ लिहिला की सुटका. कानावरचा विश्वासच गेला. मग त्यानं लिहिणंच सोडलं. होळीपर्यंत वही उघडली की पोट दुखायचं.

सुधारलं ते असं. त्याच्या वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे 'घरचा शब्द', उजवीकडे 'पुस्तकातला शब्द'. शाया, शाळा. डोया, डोळा. गाय, गाय. माय, आई. दोन्ही बाजू खऱ्या, खोडायचं काहीच नाही. ळ साठी आरसा घेतला. जीभ मागे वळून टाळूला लागते आणि सुटते, ते त्याला दाखवलं, कारण नुसतं ऐकून त्याला य आणि ळ वेगळे कळतच नव्हते. पुढे अडला की स्वतःच विचारायचा, "हे घरचं का पुस्तकातलं?" पानी-पाणी मात्र फार ताणू नका, ण सावकाश येतो.

मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीतल्या गोंडी लेकरांचं तर पुस्तकच परक्या भाषेत असतं. त्यांना मठ्ठ म्हणणारे भेटले की माझा जीव जळतो.

मी डॉक्टर नाही, शिक्षिकाही नाही. एका लेकराचा अनुभव सांगते. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे लेकरांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक शाळेत येतं, तेव्हा त्याला घरी ठेवू नका. एवढं करूनही अक्षरं जुळत नसतील तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनात कायम अडचण येते त्याची, तपासणी टाळू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे, डिस्लेक्सिया तिच्यातच येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तपासणीला जाण्याआधी फोन करून वार मात्र विचारा. आम्ही एका ठिकाणी ऐन कापूस वेचणीत तीनदा मजुरी बुडवून गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा फॉर्म संपले, तिसऱ्यांदा म्हणाले, शाळेचं पत्र आणा. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? लेकरू प्रत्येक वेळी विचारायचं, "माय, मले काय झालं?"

आणखी एक. काना लवकर येतो: बाबा, मामा, आजा. पहिली वेलांटी घोळ करते, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर. रफाराचं उलटं, तो बोलायचा आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. एसटीच्या पाटीवरच्या 'मूर्तिजापूर'मध्ये दोन्ही एकाच अक्षरावर आहेत. ती पाटी आमच्यानं तिसरीत वाचली. २०२१ च्या निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानातही समजून वाचण्यासाठी तिसरीअखेरपर्यंतची मुदत धरली आहे, तेव्हा दुसरीत घायकुतीला येऊ नका. बियाण्याची पिशवी, खताचं पोतं, दुकानाची पाटी, जे समोर येईल ते वाचू द्या.

उद्या त्याला एक ओळ मनानं लिहू द्या. जवळ बसा, खोडरबर उचलून ठेवा. लिहिलेलं इथे टाका, जसंच्या तसं, एक अक्षरही न सुधारता. कुठं अडतो आहे ते त्याच्या चुकांवरूनच कळेल, आपण मिळून बघू.