प्रश्न तुमचे : खिडकी ओढायची कुठे धरून?

वेब तंत्रावर बांधलेल्या डेस्कटॉप ॲपची खिडकी माऊसने धरून हलवण्याबद्दल या महिन्यात एकापाठोपाठ एक पत्रं आली. एका प्रकाशन संस्थेसाठी पानांची मांडणी तपासायचं असंच एक ॲप मी सांभाळते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. म्हणून हा अंक त्यालाच दिला.

माझ्या मामांची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. त्यांच्यासाठी मी इलेक्ट्रॉनमध्ये (वेब तंत्रावर डेस्कटॉप ॲप बांधायच्या साधनात) बिलिंगचं सॉफ्टवेअर केलं. वरची टायटल पट्टी काढून तिथे दुकानाचं नाव आणि शेतकऱ्याचं नाव शोधायची चौकट बसवली. खिडकी हलावी म्हणून पट्टीला 'वेबकिट-ॲप-रीजन : ड्रॅग' हा सीएसएसचा (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा) गुणधर्म दिला. खिडकी हलते, पण शोधायच्या चौकटीत क्लिकच होत नाही. झेड-इंडेक्स कितीही वाढवला तरी फरक नाही. — एक वाचक, कोल्हापूर

शोधायच्या चौकटीला 'वेबकिट-ॲप-रीजन : नो-ड्रॅग' द्या, क्लिक सुरू होईल. पण झेड-इंडेक्सने का भागलं नाही हे समजून घ्या, कारण पुढे अशाच चार अडचणी येणार आहेत.

विंडोजवर माऊस खिडकीवरून फिरतो तेव्हा विंडोज त्या खिडकीला सतत विचारत असतं, हा बिंदू कशात मोडतो? या विचारण्याला 'डब्ल्यूएम-एनसीहिटटेस्ट' म्हणतात. ॲपने 'एचटीकॅप्शन' असं उत्तर दिलं की विंडोज समजतं, ही टायटल पट्टी आहे, आता पुढचं माझ्याकडे. मग तिथे दाबून ओढलं की खिडकी हलते, दोनदा क्लिक केलं की ती मोठी होते, उजवं बटण दाबलं की विंडोजचा स्वतःचा मेनू उघडतो. तुमच्या पानापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. क्लिक नाही, होव्हर नाही, कॉन्टेक्स्ट-मेनूची घटना नाही. तुमची जावास्क्रिप्ट बरोबरच असणार, तिला कोणी हाकच मारलेली नाही.

आता झेड-इंडेक्स. पानातल्या घटकांपैकी कोणता वर रंगवायचा आणि क्लिक कोणाला द्यायचं, हे तो ठरवतो. ओढायच्या जागांचा हिशेब मात्र वेगळा होतो. पान रंगवणारी रेंडरर प्रक्रिया पानातल्या अशा सगळ्या घटकांच्या आयताकृती चौकटी गोळा करते आणि खिडकी सांभाळणाऱ्या मुख्य प्रक्रियेकडे पाठवते. तिथे एकेक चौकट घेतली जाते. ड्रॅग असेल तर ती एकूण क्षेत्रात मिळवायची, नो-ड्रॅग असेल तर वजा करायची. कोण कोणाच्या वर आहे याचा त्या बेरीज-वजाबाकीशी संबंध नाही. गोल कोपऱ्यांचाही नाही, तिथेसुद्धा पूर्ण आयतच धरला जातो.

यातून निघणारी सर्वांत त्रासदायक अडचण तुम्हाला अजून आलेली दिसत नाही. आमच्या ॲपमध्ये एक मोठा संवाद-चौकोन उघडतो. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर तो वरच्या पट्टीपर्यंत पोचतो आणि त्याचं बंद करायचं बटण नेमकं पट्टीच्या जागेत येतं. डोळ्यांना बटण वर दिसतं. मुद्रितशोधक ते दाबतात आणि खिडकी हलते. यावर उपाय दोन. संवाद-चौकोनाला नो-ड्रॅग द्या आणि मार्कअपमध्ये (पानाच्या एचटीएमएल मजकुरात) तो पट्टीच्या नंतर येऊ द्या, म्हणजे वजाबाकी बेरजेनंतर होईल. किंवा तो उघडा असेपर्यंत पट्टीचा ड्रॅगच काढून घ्या. मी दुसरा वापरते. क्रम कुठे बदलला हे सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

पट्टीवर सगळीकडे बटणं भरू नका, हेही सांगते. व्हीएस कोड या कोड लिहायच्या ॲपमध्ये मध्यभागी शोधायची चौकट आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली आहे. मामांना खिडकी धरायला हाताला सापडेल अशी जागा हवी. आणि पट्टीवरच्या मजकुराला 'यूजर-सिलेक्ट : नन' द्या, नाहीतर ओढताना दुकानाचं नाव निवडलं जाऊ शकतं.

यासाठी वेगळा सीएसएस गुणधर्म हवाच कशाला? माऊस दाबला, माऊस हलला या घटना पकडून 'विंडो.मूव्हटू' वापरलं की झालं. मी तसंच करतो. — एक वाचक, ठाणे

विंडोजवर तुमचं चालत असेल. वेलँडवर चालणार नाही. वेलँड ही लिनक्सची नवी चित्रण-व्यवस्था, आणि उबंटूसारख्या वितरणांत ती आता सर्रास आहे. तिथे प्रोग्रॅमला आपली खिडकी पडद्यावर कुठे आहे हे कळतच नाही, आणि ती अमुक जागी न्या असं सांगताही येत नाही. वापरणाऱ्याने आत्ता इथे दाबलं आहे, आता खिडकी हलवायला घ्या, एवढीच विनंती करता येते, तीही त्या दाबण्याचा अनुक्रमांक सोबत जोडून. बाकी सगळं व्यवस्था करते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या पद्धतीत खिडकी जावास्क्रिप्ट हलवते. ॲप वर्षभराच्या नोंदींचा अहवाल काढण्यात गुंतलं की खिडकी जागच्या जागी अडकते, आणि मागे झाकलेला कागद पाहायला ती बाजूलाही करता येत नाही. ओढायची जागा आधीच जाहीर केलेली असली तर त्या जागांचा नकाशा मुख्य प्रक्रियेकडे असतो. पान कामात असलं तरी खिडकी हलते. शिवाय कडेला नेली की अर्ध्या पडद्यावर बसणं, दोन वेगळ्या रिझोल्यूशनच्या पडद्यांवर नीट जाणं, या गोष्टी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः करते. त्या जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहायला जाऊ नका.

ताई, हा गुणधर्म प्रमाणित करायची चर्चा वाचली. म्हणजे फक्त समोरचं 'वेबकिट' काढायचं ना? मग त्यात एवढं चर्चा करण्यासारखं काय आहे? — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक

तुझ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देतेय, कारण नाव हा यातला सर्वांत सोपा भाग आहे.

हा गुणधर्म कुठल्याही समितीत जन्मला नाही. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियमच्या घरात तो गरजेपोटी आला. २०१३ च्या सुमारास क्रोमची स्वतंत्र ॲप्स होती, नोड-वेबकिट हे ॲप बांधायचं साधन होतं, आणि गिटहबने त्याच वर्षी ॲटम शेल सुरू केलं. २०१५ मध्ये त्याचंच नाव इलेक्ट्रॉन झालं. चौकट नसलेली खिडकी धरायची कुठे, हा प्रश्न सगळ्यांपुढे होता आणि सगळ्यांनी हेच उत्तर घेतलं. पुढे एज ब्राउझरच्या लोकांनी 'विंडो कंट्रोल्स ओव्हरले' पुढे रेटलं आणि २०२२ मध्ये ते क्रोम आणि एजच्या १०५ व्या आवृत्तीत आलं. त्यामुळे ब्राउझरमधून इन्स्टॉल केलेल्या साध्या वेब ॲपलाही टायटल पट्टीची जागा वापरता येऊ लागली. तोवर हा ॲप बांधणाऱ्या साधनांचा अंतर्गत मामला होता. आता तो वेबचा झाला, म्हणून सीएसएसचं प्रमाण ठरवणाऱ्या सीएसएस वर्किंग ग्रुपपुढे आला.

दरम्यान ॲप बांधायच्या प्रत्येक साधनाने आपली बोली तयार केली आहे. टॉरीमध्ये एचटीएमएलचं 'डेटा-टॉरी-ड्रॅग-रीजन' हे ॲट्रिब्यूट. वेल्समध्ये 'वेल्स-ड्रॅगेबल' नावाचं सीएसएस व्हेरिएबल. पायवेबव्ह्यूमध्ये ठरावीक नावाचा क्लास. न्यूट्रलिनोमध्ये जावास्क्रिप्टचं फंक्शन. मायक्रोसॉफ्टच्या वेबव्ह्यू२ मध्ये 'ॲप-रीजन' चालतं, पण आधी एक सेटिंग चालू करावं लागतं. एकच पान, एकच पट्टी, आणि पाच तऱ्हा. लहान गावातल्या एकट्या प्रोग्रॅमरने साधन बदललं की त्याला हे सगळं पुन्हा शिकावं लागतं. ते मला मुळीच मान्य नाही.

आणि 'वेबकिट'सारखा, एका इंजिनाच्या नावाचा उपसर्ग तसाच राहू देण्याची किंमत वेबने आधी मोजलेली आहे. लोकांनी पानंच्या पानं वेबकिटचे उपसर्ग लावून लिहिली, आणि ती नीट दिसावीत म्हणून २०१६ मध्ये फायरफॉक्सला आपल्या ४९ व्या आवृत्तीत दुसऱ्या इंजिनाच्या नावाचे उपसर्ग स्वीकारावे लागले.

आता खरा अवघड भाग. प्रमाण लिहायचं म्हणजे उद्या कोणी क्रोमियमचा कोड न पाहता, नुसतं वाचून, तसंच वागणारं इंजिन लिहू शकलं पाहिजे. मग वर कोल्हापूरच्या वाचकांना मी जे सांगितलं, त्यातली एकेक गोष्ट प्रश्न होऊन समोर येते. ड्रॅग असलेल्या पट्टीवर दुसरा घटक आला तर क्लिक कोणाचं? पट्टीतल्या मुलांना तो गुण आपोआप लागायचा का? घटक फिरवलेला, तिरका केलेला किंवा अर्धा स्क्रोल होऊन गेलेला असेल तर जागा कशी मोजायची? बाहेरून आणलेल्या आयफ्रेमला (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाला) खिडकी ओढायची जागा मागता यावी का? उजव्या क्लिकवर पानाचा हक्क की सिस्टिमचा?

माझं मत विचारशील तर पहिल्या प्रश्नावर मी ठाम आहे. जे डोळ्यांना वर दिसतं त्यालाच क्लिक मिळालं पाहिजे. मार्कअपच्या क्रमावर चालणारी बेरीज-वजाबाकी ही अंमलबजावणीची सोय आहे, ती प्रमाणात नियम म्हणून जाऊ नये. आयफ्रेमला हा हक्क नसावा, मूळ पानाने स्पष्ट दिला तरच असावा. उजवं क्लिक सिस्टिमकडेच राहू द्यावं, कारण खिडकीचा मेनू तिथे सापडतो ही लोकांची जुनी सवय आहे. बटणं, दुवे आणि मजकुराच्या चौकटी मुळातच नो-ड्रॅग असाव्यात, या सूचनेबद्दल मात्र मन दोन्हीकडे जातं. नवशिक्यांचा निम्मा त्रास त्याने वाचेल. पण आज कितीतरी बटणं म्हणजे क्लिक लावलेला नुसता डिव्ह (साधा चौकोनी घटक) असतो, आणि तो इंजिनाला ओळखू येत नाही. काही बटणं चालतात आणि काही नाहीत, हे बहुधा जास्त गोंधळाचं होईल.

चाचण्यांचाही पेच आहे. गुणधर्माची किंमत बरोबर वाचली गेली का, ही चाचणी सोपी. खिडकी खरोखर हलली का, हे पाहायला माऊस थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर हलवावा लागतो, कारण पानाला पाठवलेली खोटी माऊस-घटना टायटल पट्टीपर्यंत जातच नाही.

यात तुला करण्यासारखं काम आहे. एक छोटं पान बनव. पट्टीवर संवाद-चौकोन, पट्टीत स्क्रोल होणारी यादी, फिरवलेला घटक, आयफ्रेम, असे प्रसंग त्यात घाल. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विंडोज आणि लिनक्स असेलच, एखादी मैत्रीण मॅक वापरत असेल. प्रत्येक ठिकाणी काय झालं ते लिहून काढ आणि वर्किंग ग्रुपच्या गिटहबवरच्या चर्चेत मांड. तिथे नुसत्या पाठिंब्यापेक्षा अशी निरीक्षणं जास्त उपयोगी पडतात, आणि ती मांडायला कुणाच्या परवानगीची गरज नसते.

आमच्या इन्स्टॉल होणाऱ्या वेब ॲपमध्ये विंडो कंट्रोल्स ओव्हरले वापरला. विंडोजवर छान दिसतं, मॅकवर आमचं नाव खिडकीच्या बटणांखाली जातं. — एक वाचक, फोंडा

मॅकवर ती बटणं डावीकडे असतात, विंडोजवर उजवीकडे. डावीकडचं अंतर हाताने शून्य लिहू नका. सीएसएसमधल्या 'एन्व्ह' फंक्शनमधून 'टायटलबार-एरिया-एक्स' आणि 'टायटलबार-एरिया-विड्थ' घ्या आणि पट्टी तेवढ्यातच मांडा. वापरणारा हा ओव्हरले कधीही बंद करू शकतो, म्हणून दोन्हींना पर्यायी किंमत द्या.

टॉरीमध्ये पट्टीला ॲट्रिब्यूट दिलं, पण लोगोवर धरून खिडकी हलत नाही. — एक वाचक, पुणे

टॉरीत ते ॲट्रिब्यूट ज्या घटकावर लिहिलं त्यालाच लागू होतं, त्याच्या मुलांना नाही. लोगोवरही तेच ॲट्रिब्यूट लिहा, किंवा लोगोला 'पॉइंटर-इव्हेंट्स : नन' द्या म्हणजे दाबणं मागच्या पट्टीला लागेल. आवृत्ती दोन असेल आणि पट्टीही हलत नसेल, तर परवानग्यांच्या फाइलमध्ये 'कोअर:विंडो:अलाऊ-स्टार्ट-ड्रॅगिंग' आहे का ते पाहा.