पायरी चढता येईल की नाही, हे पाय उचलण्याआधीच कसे कळते?

आपण पायरीची उंची सेंटिमीटरमध्ये नव्हे, तर स्वतःच्या शरीराच्या मापाने जोखत असतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम वॉरन यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंच आणि बुटक्या तरुणांना पायऱ्या नुसत्या दाखवल्या, तेव्हा हातांच्या आधाराशिवाय चढता येण्याची मर्यादा दोन्ही गटांनी आपापल्या संपूर्ण पायाच्या (पावलाच्या नव्हे) लांबीच्या सुमारे 0.88 पट अशीच ठरवली.

शरीर बदलले, की हा अंदाज काही काळ चुकतो. लिओनार्ड मार्क यांच्या 1987 सालच्या अभ्यासात लोकांच्या पायांखाली 10 सेंटिमीटर जाडीचे ठोकळे बांधले होते. किती उंचीच्या आसनावर बसता येईल, याचे त्यांचे अंदाज सुरुवातीला फसले, पण प्रत्यक्ष बसण्याचा सराव न करताही ते हळूहळू सुधारत गेले. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. उभे असताना शरीर किंचित झुलते, मान वळते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते आणि या बारीक हालचालींमुळे समोरचे दृश्य सरकत राहून डोळ्यांना नव्या उंचीची माहिती मिळते. म्हणूनच कुबड्या किंवा कृत्रिम पाय नव्याने वापरणाऱ्याला, सुरक्षित आधार देऊन का होईना, हिंडूफिरू देणे आवश्यक असते. नुसत्या तोंडी सूचनांनी ही जाण येत नाही.