जुन्या मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकाजवळ तेल गळतंय आणि 60 च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. स्टीअरिंग बॉक्स (स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरपेटी) बदलावा का?

नाही. बॉक्सला हात लावू नका. आणि गॅरेजवाला ‘रिअर मेन सील (इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं सील) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणत असेल तर त्यालाही दोन दिवस थांबवा.

तुमची गाडी 1998 ची कार्ब्युरेटरवाली जिप्सी, लांब शॅकल (स्प्रिंगचा पाटा चॅसिसला जोडणारी झुलती पट्टी) लावलेली. डाव्या पुढच्या टायरच्या आतल्या बाजूला काळं तेल, बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कव्हर) थेंब, आणि खड्डा लागला की स्टीअरिंग हातातून सुटायला बघतं. नवा डॅम्पर (स्टीअरिंगची थरथर शोषणारा शॉक) टाकल्यावर तीन महिने बरं चाललं, असंही तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या वाक्यामुळेच उत्तर लिहितोय. डॅम्परवरून माझं एका गॅरेजवाल्याशी आठ वर्षं वाजतंय.

चाकाचं तेल आणि स्टीअरिंगची थरथर हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून विचारलेत. जिप्सीत बहुतेक वेळा तो एकच असतो: किंग पिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांचे, बेअरिंग. पुढच्या अॅक्सलच्या टोकाला गोळा, त्याच्याभोवती नकल (चाक धरून वळणारा भाग), आणि नकल वर-खाली दोन टेपर बेअरिंगवर फिरतं. बेअरिंग झिजले की नकल गोळ्याच्या मध्यावर राहत नाही. नकलबरोबर स्पिंडल (हब ज्यावर बसतं ती पोकळ नळी) सरकतो, स्पिंडलबरोबर चाक फिरवणारा शाफ्ट, आणि अॅक्सल हाउसिंगच्या तोंडाशी जे आतलं ऑइल सील असतं त्याच्यात शाफ्ट तिरका फिरायला लागतो. सीलची ओठी एका बाजूनं झिजते. मग डिफरेन्शियलचं (दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) 90 नंबर तेल नकलमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि तो काळा रस्सा मागच्या वायपर सीलमधून टायरवर येतो. वायपर सील तेल अडवायला बनवलेलंच नाही, ते गोळा पुसतं एवढंच. नुसतं तेच बदलणाऱ्यांचं तेल पुढच्या पावसाळ्यात परत गळतं.

वाद झाला ती गाडी सैन्याच्या लिलावातली होती. लक्षणं डिट्टो तुमची. आधी डॅम्पर बदलला. मग बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळला, तर वळणानंतर स्टीअरिंग सरळ यायचं बंद झालं. मग ‘पुरा बॉक्सच गेला’ म्हणून दुसरा बसवला. थरथर तशीच. शेवटी नकल खोललं तेव्हा खालच्या किंग पिन बेअरिंगच्या बाहेरच्या कपावर रोलरचे खड्डे पडलेले होते, बोटाच्या नखाला लागत होते. उभ्या राहिलेल्या गाड्यांचं हे नेहमीचं: सरळ चाकावर वर्षानुवर्षं एकाच जागी भार आणि त्यात पाणी. उघड्या राहिलेल्या गोळ्यावर गंजाचे टिपकेही होते, म्हणजे नवं वायपर सीलही महिन्याभरात फाटलं असतं. तरी गॅरेजवाल्याचं म्हणणं एकच, ‘आधीचा डॅम्पर लोकल होता.’

तपासणी घरी होते. पुढचा अॅक्सल जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. टायर 12 आणि 6 वर धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा, कारण ब्रेकनं हब आणि नकल एक होतात. राहिला तर किंग पिनचा. मग 3 आणि 9 वर धरा, तो टाय रॉड एन्ड आणि ड्रॅग लिंकचा (स्टीअरिंगच्या दांड्यांचा) हिशेब. गाडी खाली उतरवून इंजिन बंद ठेवून एकानं स्टीअरिंग झपझप डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं खाली बसून प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. बॉक्सचे बोल्ट आणि तिथली चॅसिसही बघा, चीर गेलेली असू शकते. स्टीअरिंगच्या कडेला 10 ते 30 मिमी मोकळा खेळ असला तर बॉक्स ठीक आहे. स्क्रू आवळायचाच असेल तर ड्रॅग लिंक सुटी करून, बॉक्स मधोमध ठेवून.

काम करताना दोन्ही बाजू करा, डावीच नको. कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) तारेनं बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळवू नका. किंग पिन काढताना वरची-खालची, डावी-उजवी आणि तिच्याखालचे शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) अशा खुणा करून वेगळ्या डब्यात ठेवा. जुने कप पितळी ड्रिफ्टनं ठोकून काढा, नव्या बेअरिंगबरोबर नवेच कप हवेत. जोडल्यावर वायपर सील न लावता नकलच्या टाय रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून ओढा: नकल 1 ते 1.8 किलोला हलायला लागलं पाहिजे. जास्त लागलं तर शिम वाढवा, कमी लागलं तर काढा. हा काटा कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळतो, तरी गॅरेजमध्ये ‘हाताला कळतं’ म्हणून पायरी गाळतात. हाताला कळत नाही.

आतलं सील स्प्रिंगची बाजू डिफरेन्शियलकडे ठेवून बसवा, ओठीला तेल लावून. शाफ्टवर जुन्या सीलची खाच पडली असेल तर नवं सील दोनेक मिमी मागे-पुढे बसवा, नाहीतर ओठी त्याच खाचेत बसेल. गोळ्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं काढा. शाफ्ट आत सरकवताना सीलवर घासला तर सगळी मेहनत पाण्यात.

अॅक्सलचा ब्रीदर (हवा जायची वाट) विसरू नका. चिखलानं बुजला की गरम तेलाचा दाब सीलवर येतो. उलट तापलेला अॅक्सल ओढ्यात घातला की हाउसिंग थंड होऊन सीलमधून पाणी आत ओढतं. तेल दुधी दिसलं तर कारण हेच. पुढच्या डिफरेन्शियलला 2 लिटर लागतं, मागच्याला 1.5. गाडी सपाट जागी ठेवून भरण्याच्या भोकापर्यंत, उतारावर ठेवून नाही.

लांब शॅकल. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अॅक्सल पुढे कलतो आणि मुळात साडेतीन अंशांच्या आसपास असलेला कॅस्टर (किंग पिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. चाक स्वतःहून सरळ यायला विसरतं. ड्रॅग लिंकही तिरकी होते, त्यामुळे खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप ओढलं जातं. लांब शॅकल काढून टाका. ठेवायचंच असेल तर पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये दोन-अडीच अंशांची पाचर, जाड बाजू पुढे. याहून जास्त नको, कारण त्याबरोबर पिनियन (डिफरेन्शियलच्या तोंडाशी असलेलं गिअर) खाली झुकतं आणि त्याला जोडलेला पुढचा प्रोपेलर शाफ्ट कोनात मारतो.

आता बेलहाउसिंगखालचे थेंब. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा भाग) इंजिनच्या हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलशेजारी बसतो. त्याची ओ-रिंग उष्णतेनं कडक होते, तेल हेडच्या मागून गुपचूप ओघळतं आणि बेलहाउसिंगवरून खाली पडतं. खालून बघणाऱ्याला रिअर मेन सीलच दिसतं. मागची बाजू डिझेलनं धुवा, सुकवा, बेबी पावडर मारा, 20 किलोमीटर फिरा आणि टॉर्च वरून मारा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही त्याच वेळी बघा. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी बॉडीवर खूण करा, नाहीतर टायमिंगची नवी भानगड. वर सगळं कोरडं आणि फक्त बेलहाउसिंगच्या भोकातूनच थेंब, तर मग रिअर मेन सील. तेव्हाही थेंबाचा वास घ्या: गंधकासारखा असेल तर ते गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं आहे, इंजिनचं नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला दाब सोडणारा) काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. तो बंद असेल तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि कुठलंही नवं सील लवकरच गळतं.

डॅम्परचं तेवढं सांगून संपवतो. किंग पिन, बॅलन्सिंग आणि पाट्यांचे बुश नीट असलेली जिप्सी डॅम्पर पूर्ण काढूनही डांबरी रस्त्यावर सरळ चालते. काम झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर, वेग हळूहळू वाढवत हेच करून बघा आणि तुमच्या गॅरेजवाल्याला शेजारी बसवा.

हे सगळं मूळ पुढचा अॅक्सल धरून लिहिलंय, आधीच्या मालकानं दुसरा बसवला असेल तर ताणकाट्याचे आकडे लागू नाहीत. आणि टायरवरचं तेल बोटाला घट्ट न लागता पाण्यासारखं पातळ लागलं आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरली असेल, तर ते कॅलिपरचं आहे. तशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.