चिप अस्सल, सौदा तोट्याचा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४३, खासगी कंपनीत नोकरी, दरमहा १६,००० रुपयांची एसआयपी. ओळखीतल्या एजंटाकडून त्यांनी चिप बसवलेली चांदीची बारा 'बिटकॉइन नाणी' घेतली, प्रत्येकी ५०,००० ला. प्रत्येकात ०.००४ बिटकॉइन 'भरलेला' आहे आणि वर्षानं कंपनी १८ टक्के जास्त देऊन नाणं परत घेईल, असं एजंट म्हणतो. आणखी बारा घ्यायचीत, २५,००० आगाऊही दिलेत. प्रश्न एवढाच: डुप्लिकेट नाणी आल्याचं ऐकतो, चिप खरी की खोटी ते कसं ओळखायचं?

आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता: 'पैसे हिच्या दागिन्यांवर गोल्ड लोन काढून उभे केले, ११ टक्क्यांनी. म्हणजे ७ टक्के सुटतातच.'

सुटत नाहीत. पण आधी विचारलेलं उरकू.

फोन टेकवल्यावर वाचली जाणारी ही एनएफसी चिप. स्वस्त चिपमध्ये एक ठरलेला क्रमांक किंवा दुवा असतो, आणि तो वाचून दुसऱ्या चिपवर उतरवता येतो. मग नकली नाणंही तेच उत्तर देतं. कामाच्या चिपमध्ये बाहेर कधीच न येणारी गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा असतो. फोन दर वेळी नवा आकडा पाठवतो, चिप त्यावर त्या किल्लीनं डिजिटल सही करून परत देते, त्यामुळे कालचं उत्तर आज चालत नाही. मात्र ती सही तपासणारं ॲप तुम्ही स्वतः, उत्पादकाच्या अधिकृत ठिकाणाहून घ्यायला हवं. तुम्ही, पत्रात लिहिलंय तसं, एजंटानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ॲप वापरलंत. त्यातली 'अस्सल' सांगणारी हिरवी खूण म्हणजे दुकानदाराच्याच काट्यावर दुकानदाराची खात्री.

समजा चिप अस्सल निघाली. सिद्ध काय झालं? नाणं अमुक कारखान्यातलं आहे, बस्स. आत पैसे आहेत का, ते नाण्याचा पत्ता (बिटकॉइनचा खाते क्रमांकच म्हणा) ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीत शोधून कुणालाही फुकट पाहता येतं. तुम्ही पाहिल्याचं पत्रात दिसत नाही. शिवाय ते पैसे हलवणारी खासगी किल्ली (चिपची नव्हे, बिटकॉइनची) आणखी कुणाजवळ आहे? अमेरिकेतल्या युटाच्या माइक काल्डवेल यांनी २०११ पासून बिटकॉइन भरलेली 'कॅसेशिअस' नाणी काढली. किल्ली होलोग्रामच्या स्टिकरखाली, आणि ती तयार करणारेही तेच. घेणाऱ्याची सगळी भिस्त त्यांच्या सचोटीवर. २०१३ मध्ये डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत ते स्टिकर काढून पुन्हा लावून दाखवण्यात आलं आणि त्याच वर्षी आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची, फिनसेनची, चिठ्ठी आल्यावर काल्डवेल यांनी भरलेली नाणी विकणं थांबवलं. टोरोंटोच्या कॉइनकाइट कंपनीचं ओपनडाइम हे छोटं यूएसबी उपकरण याच्या उलट चालतं. किल्ली उपकरणातच तयार होते, कंपनीलाही कळत नाही, आत पैसे ग्राहक स्वतः भरतो. तुमची नाणी भरून आली. भरणाऱ्यानं किल्लीची प्रत ठेवली की नाही, हे हिरवी खूण सांगत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. ठोक आकडे घेतो. एक बिटकॉइन ८० लाखांना धरला तर ०.००४ चे झाले ३२,०००. चांदी आणि चिपचे उदारपणे ५,०००. म्हणजे ३७,००० ची वस्तू तुम्ही ५०,००० ला घेतलीत. बारा नाण्यांवर दीड लाखाहून जास्त पहिल्याच दिवशी गेले. त्यात ६ लाखांवर ११ टक्के, वर्षाचं व्याज ६६,०००.

चला, तुमच्या मनासारखं होऊ द्या. बिटकॉइन वर्षात ५० टक्के वाढला. चांदीसकट हाती ६.३६ लाख. नफा ३६,०००, त्यावर सेससह ३१.२ टक्क्यांनी कर साधारण ११,०००. उरले २५,०००. कर्जाचं व्याज या नफ्यातून वजा करू देत नाहीत, ते खिशातून भरायचं. एकूण ४१,००० चा तोटा, तोही भाव दीडपट होऊन! आणि विक्रीतच तोटा झाला, तर तो दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

राहिली १८ टक्क्यांची हमी. २०२२ या एका वर्षात बिटकॉइन साठ टक्क्यांहून अधिक पडला. त्या वर्षी ही कंपनी नाणी वरचढ भावानं परत घेत बसली असती? खात्रीचे १८ टक्के मिळत असते तर एजंटानं स्वतःच ११ टक्क्यांनी कर्ज काढलं असतं. आणि ६ लाखांच्या कर्जामागे किमान ८ लाखांचं सोनं अडकलेलं असणार. हप्ते थकले तर लिलाव त्याचा होतो, नाण्यांचा नव्हे. ते सोनं कायद्यानं तुमच्या पत्नीचं आहे. ते कशासाठी गहाण टाकलं हे तिला सांगितलंत का, ते पत्रात नाही. नसेल तर आज सांगा.

दुसरी बारा नाणी अजिबात नकोत. असलेल्यांपैकी एक आजच उघडा आणि त्यातला बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवा. 'सील फोडलं तर किंमत जाईल' असं एजंट म्हणेल. संग्राहक जादा पैसे मोजतात ते कॅसेशिअससारख्या जुन्या, दुर्मीळ नाण्यांना. तुमच्या नाण्यांना ते कोण देणार? बिटकॉइन हलला तर उरलेली अकराही त्याच दिवशी रिकामी करा, कारण किल्लीची प्रत असलीच तर ती मग निरुपयोगी होते. हललाच नाही तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आणि थेट आर्थिक गुन्हे शाखा.

हललेला बिटकॉइन एफआययूकडे (केंद्र सरकारचा वित्तीय गुप्तवार्ता विभाग) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर विका, चांदी सराफाकडे द्या. वर धरलेल्या भावानं साधारण ४.४ लाख येतील, ते गोल्ड लोनमध्ये भरा. राहिलेल्या १.६ लाखांसाठी एसआयपी थांबवा आणि तेच १६,००० दरमहा तिकडे वळवा. व्याज धरून अकरा महिन्यांत दागिने घरी येतात. एसआयपी थांबवा असं मी सहसा सांगत नाही. पण ११ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे ११ टक्क्यांची खात्री, आणि ती कुठला फंड देत नाही. विक्री रिटर्नच्या शेड्यूल व्हीडीएमध्ये (आभासी डिजिटल मालमत्तेचा तक्ता) दाखवा, तोटा असला तरी. विक्रीवर कापलेला १ टक्का टीडीएस रिटर्नमध्येच जमा धरला जातो.

आगाऊ दिलेले २५,००० आजच लेखी परत मागा, आठवड्याची मुदत देऊन. ते परत करताना एजंटाची टाळाटाळ दिसली, तर बारा नाण्यांच्या परतखरेदीचं काय होणार होतं ते तुम्हाला वर्षभर न थांबता कळेल.